डंपिंग ट्रॉलीने शेणखत आणि आच्छादनाचा माल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेला खत घालायचं किंवा आच्छादन करायचं ठरलं की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "एक ट्रॉली टाका." कुठे टाकायची, हे मात्र ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा राहिल्यावर सुचतं. माल आणणं त्या मानाने सोपं आहे, पैसा आणि कंबर दोन्ही मोडतात ते उतरवण्यात. म्हणून खाली वाहतुकीपेक्षा उतरवण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे. प्रश्न शेतकऱ्यांचे आहेत, तसे फार्महाउसवाल्यांचे आणि सोसायट्यांचेही आहेत.

एक ट्रॉली म्हणजे नेमका किती माल?

ट्रॉली हे माप नाही. हौद्याची (ट्रॉलीच्या पेटीची) लांबी, रुंदी आणि फाळक्याची (मागे उघडणाऱ्या फळीची) उंची फुटांत मोजा आणि तिन्हींचा गुणाकार करा, झाले घनफूट. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, वाळू-खडीला लावतो तोच. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच हौदा सपाट भरला तर 120 घनफूट होतात, म्हणजे सव्वा ब्रासला थोडे कमी. दुसऱ्या कुणाच्या ट्रॉलीचा फाळका दीड फुटाचा असेल तर त्याच 'एका ट्रॉली'त तुम्हाला पाव माल कमी मिळाला. भाव ठरवण्याआधी टेप लावायला लाजू नका.

एक लक्षात घ्या, जेसीबीने भरलेला माल फुललेला असतो. वीस-पंचवीस किलोमीटर खडखडत आला की हौद्यात दोन-चार बोटं खाली बसलेला दिसतो. ती फसवणूक नव्हे. माप भरताना घ्यायचं, उतरवताना नाही.

माझ्या बागेला किती लागेल?

तीन इंचांचा थर धरून चला. एका ब्रासमध्ये 400 चौरस फूट जागा झाकली जाते. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याला पावणेतीन ब्रास. सरसकट एकरभर थर द्यायचा म्हटलं तर जवळजवळ 109 ब्रास लागतील, आणि तेवढं कुणी टाकत नाही, टाकूही नये. आच्छादन झाडाखाली हवं, दोन ओळींमधल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर नाही.

डाळिंबाचं उदाहरण घ्या. 14 × 10 फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साधारण 300 झाडं बसतात. प्रत्येक झाडाभोवती पाच फूट व्यासाचं आळं धरलं तर तीन इंच थराला झाडामागे पाच घनफूट माल जातो. एकूण 1,500 घनफूट, म्हणजे 15 ब्रास. वरच्या मापाच्या ट्रॉलीने साडेबारा खेपा. आंबा 33 फुटांवर असेल तर एकरात 40 झाडं येतात. दहा फूट व्यासाचं आळं मोठं दिसतं खरं, पण एकूण आठ ब्रासांत काम भागतं.

पाचट (उसाची वाळलेली पानं), गवत, चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) असा फुगीर माल असेल तर हिशेब दीडपट करा. पहिलं पाणी पडलं की थर बसतो आणि तीन इंचांचे दोन होतात.

शेणखत, पाचट, तूस, चिपाड, मळी, लाकडाचा भुगा… यातलं घ्यावं काय?

आधी हे ठरवा की तुम्हाला जमिनीला खाऊ घालायचं आहे की तिला झाकायचं आहे. शेणखत आणि साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) हे खत. पाचट, भाताचं तूस, चिपाड, झाडांच्या छाटणीचा भुगा हे झाकण. लोक दोन्ही कामं एकाच मालाकडून करून घ्यायला बघतात आणि मग दोन्ही अर्धवट होतात. बागेत मी आधी शेणखताचा पातळ थर आणि त्यावर पाचटाचा जाड थर हेच सुचवतो. शेणखत उघडं ठेवलं तर उन्हात वाळून खडखडीत होतं आणि त्यातला नत्र हवेत जातो.

पाचट हे आपल्याकडचं सर्वांत हाताशी असलेलं आच्छादन. एका हेक्टर उसातून साडेसात ते दहा टन पाचट निघतं. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तेव्हा ते भरपूर मिळतं, आणि नेमकं तेव्हाच डाळिंबाचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरलेला असतो. पण ज्याचा स्वतःचा ऊस आहे त्याने ते विकू नये, खोडव्यात सरीतच ठेवावं. विकत घ्यायला आलेल्यालाही मी हेच सांगतो, धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नसलं तरी.

तूस हलकं, स्वच्छ आणि पसरायला सोपं. मात्र वाऱ्याने उडतं, म्हणून पसरताच त्यावर पाणी मारायचं. चिपाड कुजायला वेळ घेतं. तूस, चिपाड आणि लाकडाचा भुगा वरच्यावर ठेवा, मातीत मिसळू नका. मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र वापरतात आणि पानं पिवळी पडतात. मग युरियाची गोणी आणली जाते आणि दोष आच्छादनाला दिला जातो.

मळीबद्दल वेगळं सांगायला हवं. कारखान्यातून ताजी निघालेली मळी गरम, ओली आणि जड असते, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ती थेट झाडाच्या बुडात टाकायची नाही. ढीग लावून, मधूनमधून पलटी मारून, वास जाईपर्यंत कुजू द्यायची. म्हणजे मळीला दोनदा वाहतूक लागते, एकदा ढिगापर्यंत आणि एकदा बागेत. स्वस्त मळीच्या भावात ही दुसरी खेप धरलेली नसते.

शेणखत कुजलेलं आहे की कच्चं, हे कसं ओळखायचं?

लोखंडी पहार ढिगात हातभर खुपसा, दहा मिनिटांनी काढा आणि टोकाला बोट लावा. चटका बसला तर खत अजून शिजतंय. मुठीत घेऊन दाबा. कुजलेलं खत भुसभुशीत असतं, त्यात काडी-कचरा ओळखू येत नाही आणि वास पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीसारखा येतो. कच्च्याला नाकात जाणारा उग्र वास असतो आणि आत गवताच्या काड्या जशाच्या तशा दिसतात.

ढीग उकरताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर थांबा. हुमणी (मुळं खाणारी अळी) असू शकते, आणि कोकणात नारळाच्या बागेजवळ असाल तर गेंड्या भुंग्याच्या अळ्या असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बागेत न्यायच्या नाहीत. ढीग पसरून कोंबड्या सोडणं हा जुना उपाय अजूनही उत्तम. नाहीतर या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळून खत आणखी कुजू द्या.

तणाचंही बघा. पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नोंदलेलं गाजर गवत आज कुठल्या बांधावर नाही? त्याचं बी कच्च्या खतातून ऐटीत प्रवास करतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र शेणखतापेक्षा तळ्याच्या गाळातून आणि पोयट्यातून जास्त येतात. त्यामुळे 'खत-माती मिक्स' म्हणून कुणी काही देत असेल तर आधी एक घमेलं ओतून हाताने चिवडून बघा.

ट्रॉली काठोकाठ भरली तर बिघडतं कुठे?

माल कोणता आहे त्यावर आहे. आपला 120 घनफुटांचा हौदा म्हणजे 3.4 घनमीटर. तूस घनमीटरला 100 ते 150 किलो भरतं, म्हणजे अख्खी ट्रॉली अर्ध्या टनाच्या आतच. शेणखत ओलाव्याप्रमाणे 500 ते 700 किलो, म्हणजे दोन टनांच्या आसपास. ओली माती किंवा गाळ घनमीटरला दीड टनाच्या घरात, म्हणजे पाच टन! हौदा तोच, ट्रॅक्टर तोच आणि भरणाऱ्याची सवयही तीच.

हलका माल काठापर्यंत भरा, शीग लावा, ताडपत्री बांधा, हरकत नाही. जड माल मात्र डोळ्यांनी भरायचा नाही. ट्रॉलीच्या पाटीवर लिहिलेली क्षमता बघायची आणि शंका असेल तिथे वजनकाट्यावरून जायचं. एका टपोऱ्या पावसात उघडं राहिलेलं शेणखत किती वजन खातं, हे काट्यावरच कळतं.

माल पुढे जास्त भरायचा की मागे?

दोनचाकी ट्रॉलीत किंचित पुढे. थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर आलं की मागची चाकं पकड धरतात. माल मागे लोटला तर हुक वर उचलला जातो, चढावर चाकं फिरतात आणि उतारावर ब्रेक लागत नाही. जेसीबीवाला पहिला बकेट हमखास मागेच ओततो, कारण त्याला तेच सोयीचं असतं. त्याला पुढे बोलवा.

दोनचाकी ट्रॉली बरी की चारचाकी?

बागेत दोनचाकी. लांबच्या डांबरी रस्त्याला आणि जड मालाला चारचाकी. चारचाकीला मागे घेणं हे सगळ्या ड्रायव्हरांना जमत नाही, आणि दोन ओळींमध्ये शिरून तिला वळवायचं तर ठिबकचे खांब, तारा, फांद्या सगळंच पणाला लागतं.

ताडपत्री लागतेच का?

हो. तूस आणि भुगा मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. पाचटाला वरून दोर किंवा जाळी हवी. आणि भरलेल्या पाचटाशेजारी बिडी नाही, सायलेन्सर उघडा नाही.

उतरवायची जागा कशी ठरवायची?

माल मागवण्याच्या आदल्या दिवशी स्वतः चालून या. घरात बसून "विहिरीजवळ टाका" असं सांगायचं नाही. चालताना तीन गोष्टी बघायच्या, वर, खाली आणि परतीची वाट.

वर म्हणजे तारा. दहा फुटी हौदा 45 अंशांत उचलला की त्याची पुढची कड जमिनीपासून बारा फुटांच्या आसपास जाते, आणि शेतातल्या तारांना उन्हाळ्यात झोळ पडलेला असतो. तारेखाली आणि तारेच्या आसपासही ट्रॉली उचलायची नाही. पाचटाची शीग लावलेली ट्रॉली तर न उचलताही तारेला लागू शकते. कधी तार लागलीच तर ड्रायव्हरने सीटवरून हलायचं नाही आणि बाकीच्यांनी जवळ जायचं नाही. 1912 वर फोन करून वीजपुरवठा बंद करून घ्यायचा. पेट घेतल्यामुळे उतरणं भागच असेल तर ट्रॅक्टरला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लागू न देता, दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची आणि छोट्या छोट्या उड्या मारतच दूर जायचं.

खाली म्हणजे जमिनीत काय आहे ते. ठिबकची सबमेन (जमिनीखालची मोठी नळी) कुठून गेली आहे, व्हॉल्व्ह कुठे आहे, जुना बुजवलेला चर कुठे आहे, हे तुम्हालाच माहीत असतं, ट्रॅक्टरवाल्याला नाही. काठ्या रोवून त्यांना चिंध्या बांधा. लॅटरल, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्या आदल्या संध्याकाळी गुंडाळून झाडाच्या बुडाशी घ्या. उन्हात तापलेली नळी चाकाखाली लगेच फुटत नाही, चपटी होते, आणि पुढच्या पाण्याला ओळीतली शेवटची वीस झाडं कोरडी राहतात. तेव्हा कुठे लक्षात येतं.

परतीची वाट म्हणजे ट्रॉली रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर निघणार कसा. लोक आत यायला जागा ठेवतात आणि ढीग नेमका बाहेर पडायच्या तोंडाशी घालून घेतात. दुसरी खेप येणार असेल तर पहिला ढीग सर्वांत आत आणि शेवटचा दाराशी.

ढीग विहिरीच्या काठावर, पाण्याच्या पाटाजवळ किंवा उताराच्या डोक्यावर नको. पहिल्या जोरदार पावसात तुमच्या खताचं काळं पाणी शेजाऱ्याच्या वावरात उतरेल, आणि त्याला ते आवडेलच असं नाही.

ट्रॉली उचलायची नीट पद्धत कोणती?

ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका सरळ रेषेत आणा. वळलेल्या अवस्थेत हौदा उचलणं हे ट्रॉली आडवी होण्याचं मोठं कारण. दोन्ही चाकं सारख्या पातळीवर हवीत. एक चाक सरीत आणि एक वरंब्यावर असेल तर तिथे उचलायचीच नाही, पुढे-मागे घेऊन जागा शोधायची. हुकाची पिन खालून लॉक केलेली हवी, कारण माल मागे सरकताना हुक वर ओढला जातो आणि मोकळी पिन निसटते.

मग फाळका. आधी फाळका उघडायचा, नंतर हौदा उचलायचा, उलट कधीच नाही. भरलेल्या ट्रॉलीचा फाळका आतून दाबलेला असतो. कडी सुटली की तो धाडकन येतो, म्हणून उघडणाऱ्याने बाजूला उभं राहून, हात लांब करून कडी काढायची. लहान मुलं बघायला जमलेली असतात, त्यांना आधी हाकला. सुरुवातीला हलका माल बाहेर येतो आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. जड गोळा त्यानंतर येतो.

हौदा हळू उचला. पाव उचलला की थांबा, माल सुटतोय का ते बघा. सुटू लागला की आणखी उचला आणि मागे ढीग वाढला की ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये हातभर पुढे घ्या, नाहीतर ढीगच फाळक्याला अडवून धरतो. ढीग घालताना उचललेल्या हौद्यासह एवढंच हलायचं, ते सपाट जागेवर आणि सरळ (ओळीत पसरण्याची गोष्ट वेगळी, ती खाली येते). शेवटचा माल पडला की हौदा पूर्ण खाली, फाळका बंद, आणि मगच ट्रॅक्टर जागचा हलवायचा. वर असलेला हौदा घेऊन पाणंदीपर्यंत जाणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत आणि त्यांना पुन्हा बोलावलेलं नाही.

उचललेल्या हौद्याखाली डोकं घालायचं असेल, ग्रीस मारायला किंवा होज (जॅकची तेलाची नळी) बघायला, तर आधी लोखंडी टेकू किंवा सागवानी ओंडका लावा. हौदा उचलणाऱ्या जॅकवर विसंबू नका. होज फुटली की हौदा खाली यायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

माल हौद्यात चिकटून बसला आणि खाली येईना, तर?

ओल्या मळीचं आणि जनावरांच्या पायदळीच्या खताचं हे नेहमीचं दुखणं आहे. पुढच्या भिंतीला गोळा चिकटतो आणि हौदा पूर्ण वर गेला तरी तो तिथेच असतो. सगळं वजन उंचावर गेल्यामुळे आता ट्रॉली सगळ्यात धोक्याच्या अवस्थेत असते. इथे लोक दोन चुका करतात. कुणीतरी खोरं घेऊन वर चढतो, किंवा ड्रायव्हर ट्रॅक्टर पुढे नेऊन खचकन ब्रेक मारतो. दोन्ही करू नका. हौदा खाली घ्या, ट्रॅक्टर बंद करा, मग चढून गोळा फोडा, उतरा आणि पुन्हा उचला. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

भरण्याआधी हौद्याच्या तळाला दोन बोटं तुसाचा किंवा भुशाचा थर दिला तर माल घसरत येतो. गंजून खरखरीत झालेल्या पत्र्यावर हा फरक लगेच दिसतो. रात्रभर भरून ठेवलेली ट्रॉली सकाळी जास्त चिकटते, म्हणून मळी भरली की त्याच दिवशी उतरवायची.

ट्रॉली अर्ध्यात थांबते, पूर्ण वर जात नाही. जॅक गेला का?

बहुतेक वेळा नाही. आधी कपलिंग (जॅकची नळी ट्रॅक्टरला जोडणारा सांधा) पूर्ण बसलं आहे का बघा. थोडं बाहेर राहिलं तरी तेल जात नाही. मग तेलाची पातळी बघा. ट्रॉलीच्या जॅकला लागणारं तेल ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीतूनच येतं आणि जॅक जितका लांब निघेल तितकं ते कमी होतं. पातळी काठावर असेल तर शेवटच्या टप्प्यात पंप हवा ओढतो आणि ट्रॉली थरथरत थांबते. त्यानंतर फिल्टर. हे सगळं नीट असेल तर माल जास्त भरला आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा जादा दाब सोडणारी झडप) आवळून दाब वाढवण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. तो घेऊ नका. आणि कपलिंग जोडण्याआधी टोकं फडक्याने पुसा. शेतातली धूळ याच वाटेने पंपात जाते.

एकच मोठा ढीग घालावा की ओळीने छोटे?

मजूर हाताने पसरणार असतील तर छोटे, शक्य तितके झाडांच्या जवळ. पाटी-घमेल्याने वीस फूट नेणं आणि ऐंशी फूट नेणं यात मजुरीचा फार मोठा फरक पडतो. काम उक्तं दिलं असेल तर तो फरक मजूर तुमच्याकडूनच वसूल करतात, आणि बरोबरच करतात.

चालत्या ट्रॉलीतून ओळीत पसरायचं असेल तर फाळका अर्धवट, साखळीवर रोखून धरा. दहा फूट रुंदीच्या पट्ट्यावर तीन इंच थर हवा असेल तर 120 घनफूट माल 48 फूट अंतरात संपला पाहिजे. तेवढ्या अंतरावर आधीच दगड ठेवा. पण हे फक्त कोरड्या, सुट्या खतालाच जमतं आणि सपाट रानातच करायचं. पाचट असं ओळीत पडत नाही, ते एका गठ्ठ्यात येतं.

पाऊस पडून गेला आहे. काळ्या रानात ट्रॉली घालावी का?

वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल निघून रान कामाजोगं होईपर्यंत नको. रुतलेली ट्रॉली निघते, पण चाकाने दाबलेल्या जमिनीत मुळं पुढची दोन वर्षं कुरकुरतात. अगदीच घाई असेल तर बांधावर उतरवा आणि तिथून हाताने न्या. शेणखताची वाहतूक एप्रिल-मेमध्ये उरकण्याची जुनी पद्धत उगाच पडलेली नाही. तेव्हा रान कडक असतं, मजूर मोकळे असतात आणि खत वाळून हलकं झालेलं असतं.

आमची सोसायटी आहे. आत ट्रॉली आणता येईल?

गेटची रुंदी मोजा आणि वॉचमनला नाही, सचिवांना विचारा की जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे. टाकीच्या स्लॅबवर, ड्रेनेजच्या झाकणावर आणि नव्याने बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर भरलेली ट्रॉली जाता कामा नये. बहुतेक वेळा गेटबाहेर ताडपत्री अंथरून त्यावर ओतणं आणि हातगाडीने आत नेणं हेच बरं पडतं. सकाळी लवकर आणा. दुपारी चारला ओतलेला ढीग अंधारापर्यंत हलत नाही, आणि मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर वासाची चर्चा सुरू होते. सोसायटीने तर मी म्हणेन शेणखत नाहीच, कुजलेलं कंपोस्ट घ्यावं आणि आवारातला पालापाचोळा बाहेर न पाठवता तोच आच्छादनाला वापरावा.

पसरताना काय जपायचं?

बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. बुंध्याला टेकलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं आणि कोरड्या काटक्यांना वाळवी लागली की ती तिथूनच झाडावर चढते. तीन-चार इंचांपेक्षा जाड थर नको. आच्छादन घालण्याआधी पाणी द्या, कोरड्या जमिनीवर घातलेलं आच्छादन तिला कोरडीच ठेवतं. ठिबकच्या नळ्या थराखाली राहिल्या तर पाणी वाचतं, पण बंद पडलेला ड्रिपर दिसत नाही. मधूनमधून हात घालून बघत जा.

तेल्या किंवा मर रोग असलेल्या डाळिंबाच्या बागेतली छाटणी, पाला, माती काहीही दुसऱ्या बागेत न्यायचं नाही, फुकट मिळालं तरी.

ढीग किती दिवस तसाच ठेवला तर चालेल?

कुजलेलं शेणखत झाकून महिनोन् महिने राहतं. चिपाड, ओला भुगा आणि मळी मात्र आतून तापतात. ढीग छातीपेक्षा उंच करू नका, पत्र्याच्या शेडला किंवा गोठ्याला लावून घालू नका. वाफ दिसू लागली तर पलटी मारा. जळका वास किंवा धूर आला तर ढीग एकदम उपसू नका, हवा लागली की तो भडकतो. पाण्याची मोटर सुरू करून ठेवा, 101 ला कळवा आणि कडेकडेने भिजवत उघडा.

कागदपत्रं काय लागतात?

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, दोन्हींचे कागद बघा. विमा शेतीकामाचा आहे की भाड्याच्या वाहतुकीचा, हे ट्रॅक्टरवाल्याला विचारा, कारण भाड्याच्या खेपेत अपघात झाला आणि विमा फक्त शेतीचा असला तर दाव्यावर वाद होतो. शेणखत, पाचट, तूस यांना रॉयल्टी नाही. माती-मुरूम हे गौण खनिज आहे, त्याला तहसीलची परवानगी लागते. 'खतात थोडी माती' म्हणून कुणी मुरूम भरत असेल तर ट्रॉली अडवली जाईल ती तुमच्या जमिनीच्या गटापाशी.

मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या हव्यात. हंगामात संध्याकाळनंतर अंधारात उभी असलेली ट्रॉली मागच्याला दिसत नाही. रस्त्यावर येताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना पट्टीने जोडलेले आहेत का, हेही बघा. शेतात वळण्यासाठी ते सुटे केलेले असतात आणि तसेच रस्त्यावर आणले तर एकच चाक दाबलं जातं.

मजूर ट्रॉलीत बसून आले तर चालतं का?

नाही. मालावरही नाही, मडगार्डवरही नाही. त्यांच्या येण्याजाण्याची सोय वेगळी करा आणि तो खर्च आधीच धरा.

भाव कसा ठरवावा?

चार आकडे वेगवेगळे मागा, मालाचा ब्रासप्रमाणे दर, खेपेचं भाडं, भरणाईचा जेसीबी आणि पसरण्याची मजुरी. 'सगळं मिळून एवढे' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये असं नाही, पण त्याच्याकडूनही हे चार आकडे लिहून घ्या. माल स्वस्त आणि लांब असेल तर भाडंच मालापेक्षा जास्त होतं, तुसासारख्या हलक्या मालात तर नेहमीच. वाट खराब म्हणून ट्रॉली बांधावरच उतरवावी लागली तर पुढच्या मजुरीचं काय, हेही आधीच बोलून घ्या.

काम झाल्यावर ट्रॉली धुवावी लागते का?

मळी आणि कोंबडीखत यांनी पत्रा खाल्ला जातो, त्यामुळे हो, त्याच दिवशी. फाळक्याच्या बिजागऱ्यांत आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत अडकलेलं खोऱ्याच्या टोकाने काढा, मग पाणी मारा, आणि हौदा थोडा उचलून निथळू द्या. दुसऱ्या शेतकऱ्याच्या बागेतून आलेली ट्रॉली तुमच्याकडे येत असेल तर हे त्याच्या बांधावरच करून घ्यायला सांगा. धुण्याचं पाणी तुमच्या रानात नको.